एआयने लिहिलेला पीआर आणि तुझी सही

प्रश्न : मी जळगावला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गुगल समर ऑफ कोडच्या (नवोदितांना मेंटॉरच्या मार्गदर्शनाखाली ओपन सोर्सचं काम देणारा उपक्रम) आधी ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेल्या प्रोजेक्टमध्ये, काम दिसावं म्हणून एआयकडून कोड लिहून घेतला आणि पाच-सहा प्रोजेक्टना पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती) पाठवले. एकाने 'हे चालवून पाहिलं होतंत का?' असं विचारून पीआर बंद केला. सीनियर म्हणतात, एआय वापरल्याचं सांगूच नकोस. बाबा म्हणतात, वापरूच नकोस. काय करू?

उत्तर : दोघांचंही ऐकू नकोस. मात्र आधी उत्तर दे : चालवून पाहिलं होतंस का? पत्रात तू ते सफाईने टाळलं आहेस.

पीआर पाठवायला तुला दोन मिनिटं लागतात, तपासणाऱ्याची अख्खी संध्याकाळ जाते, तीही बहुतेकदा बिनपगारी. इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणाऱ्या 'कर्ल' या साधनाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी 2019 पासून सुरू असलेली सुरक्षा-बग शोधण्याची बक्षीस योजना जानेवारी 2026च्या अखेरीस बंद केली. दिसायला चोख पण आतून पोकळ, एआयने रचलेल्या अहवालांना ते कंटाळले होते. त्याच स्टेनबर्ग यांनी 2025मध्ये एआय साधनांनी शोधलेल्या बगांच्या एका यादीचं जाहीर कौतुक केलं होतं. पाठवणारा जाणकार होता आणि त्यातून खरोखरच डझनावारी दुरुस्त्या झाल्या.

आपल्याकडच्या मुलांवर आधीचा एक डागही आहे. 2020च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (पीआर पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणारा ऑक्टोबरातला उपक्रम) टी-शर्टासाठी रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये एखादा शब्द घुसडून पीआर पाठवण्याचा सुकाळ झाला, आणि त्याला निमित्त ठरलेला एक व्हिडिओ भारतातल्याच यूट्यूब चॅनलचा होता. त्यामुळे नवख्या नावाकडे आधीच थोडं संशयाने पाहिलं जातं. राग मानू नकोस.

नियम प्रोजेक्टगणिक वेगळे. जेंटू या लिनक्सच्या एका प्रकाराने 2024मध्ये एआयचा कोड नाकारला, संगणकाची नक्कल करणाऱ्या क्यूईएमयूने 2025मध्ये. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमीत लेखी पूर्वपरवानगी लागते. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराला चालतं, पण जबाबदारी पाठवणाऱ्याची. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एआयची मदत 'असिस्टेड-बाय' या ओळीत नोंदवायची असते; 'साइन्ड-ऑफ-बाय'ची सही मात्र माणसाचीच. हा कोड या परवान्याखाली देण्याचा मला हक्क आहे, असं त्या सहीतून तू लिहून देत असतेस. सीनियरचा सल्ला इथेच अंगाशी येतो. कंपायलर बनवण्याच्या एलएलव्हीएम या प्रोजेक्टमध्ये तर 'गुड फर्स्ट इश्यू'ला एआय लावायचाच नाही. ती सोपी कामं नवीन माणसाने शिकावं म्हणून मुद्दाम राखलेली असतात. तेव्हा प्रोजेक्टचे असे नियम सांगणारी काँट्रिब्युटिंग फाइल आधी वाच.

आता एकच प्रोजेक्ट धर, जो तू स्वतः वापरतेस. त्यातला एक बग आधी तुझ्या लॅपटॉपवर घडवून आण. एआयला विचार, हे फंक्शन कुठून कुठून कॉल होतं, हा एरर कुठून येतो. कोड वाचायला तो फार उपयोगी आहे, माझ्या मते लिहिण्यापेक्षा जास्त. मग दुरुस्तीआधी फेल होणारी आणि नंतर पास होणारी टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा प्रोग्राम, लिही. पाठवण्याआधी गिट डिफ (तू केलेल्या बदलांची यादी) उघडून एकेक ओळ वाच. बारा ओळींच्या कामाला एआय दीडशे ओळी देतो : व्हेरिएबलची नावं बदललेली, जिथे नल (रिकामं मूल्य) येऊच शकत नाही तिथेही नल चेक, वर भारंभार कॉमेंट. 'ही ओळ का?' याचं उत्तर तुला देता येत नसेल, तर ती ओळ काढ.

रिव्ह्यूतल्या प्रश्नांना एआयचं उत्तर चिकटवू नकोस. मोडकं इंग्रजी चालतं. मेंटॉर निवड करताना तुझ्याशी झालेली हीच बोलणी आठवतात. पीआरचा आकडा फार कोणी मोजत नाही.

बंद झालेल्या पीआरखाली दोन ओळी लिही : कोड एआयचा होता, मी नीट तपासला नव्हता, क्षमस्व. पुन्हा उघडा म्हणू नकोस. उरलेल्यांपैकी जे समजावून सांगता येणार नाहीत, ते कोणी विचारण्याआधी स्वतःच बंद कर. आणि बाबांना एकदा शेजारी बसवून ती फेल-पास होणारी टेस्ट चालवून दाखव.