मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) १२ रेषा काढल्या तर शेवटच्या दोन पुन्हा निळी आणि नारिंगी येतात. आणखी रंग कुठून आणू?

कारण यादीच दहा रंगांची आहे. २०१७ च्या २.० आवृत्तीपासून तीच डीफॉल्ट. त्याआधी सातच रंग होते. यादी संपली की पुन्हा निळ्यापासून सुरुवात. वीस रंगांची 'टॅब२०' ही तयार यादी आहे, पण ती गडद-फिक्या जोड्यांची, आणि बारीक रेषेत फिका रंग कागदावर टिकत नाही.

मुळात आणखी रंग शोधणंच मला पटत नाही. एका प्रबंधातला आलेख माझ्यासमोर आला होता: सहा फिल्टर, सहा रेषा, डीफॉल्ट रंग, कोपऱ्यात लेजंड, म्हणजे कोणता रंग कशाचा ते सांगणारी चौकट. स्क्रीनवर उत्तम. छापील प्रत मात्र ब्लॅक अँड व्हाइट. तिच्यात पहिली निळी आणि सहावी तपकिरी रेषा अगदी एकाच राखाडी छटेच्या, आणि त्या दोघीच मधोमध एकमेकींना छेदत होत्या. छेदल्यावर वर कोणती गेली ते कळेना, आणि निष्कर्ष नेमका त्या छेदावर उभा! मार्गदर्शकांचं म्हणणं: "रंग वेगळे आहेत, लेजंड आहे, अजून काय हवं?"

हिशेब करून बघा. प्रत्येक रंगातल्या लाल, हिरव्या, निळ्या घटकाचे आकडे ० ते २५५ मध्ये: निळा ३१, ११९, १८०. तपकिरी १४०, ८६, ७५. लाल ०.२९९, हिरवा ०.५८७, निळा ०.११४ या नेहमीच्या वजनांनी राखाडी काढली तर एक १०० येते, दुसरी १०१. जांभळा आणि राखाडी रंगांचंही तेच: १२६ आणि १२७. लेजंड इथे काय करणार?

चारच रंग घ्या. ओकाबे-इतो या रंगांधांनाही वेगळ्या दिसणाऱ्या रंगांच्या यादीतले काळा, निळा (०, ११४, १७८), शेंदरी (२१३, ९४, ०) आणि नारिंगी (२३०, १५९, ०) राखाडीतही वेगळे राहतात. आकडे २५५ ने भागून द्या, नाहीतर एरर येते. सलग, तुटक, ठिपक्यांची अशा तीन लाइनस्टाइल घेतल्या की बारा झाल्या. लाइनस्टाइलचा सायक्लर (रेषेगणिक पुढची शैली किंवा रंग देणारी फिरती यादी) डावीकडे, रंगांचा उजवीकडे ठेवून गुणाकार करा. बेरीज केलीत तर दोन्ही याद्या सारख्या लांबीच्या लागतात. हे सगळं आलेखाच्या चौकटी बनवणाऱ्या 'सबप्लॉट्स'च्या ओळीआधी 'प्रॉप_सायकल' या सेटिंगमध्ये भरा, आधीच तयार झालेल्या चौकटींवर, म्हणजे अ‍ॅक्सेसवर त्याचा परिणाम होत नाही. आणि लेजंड काढून प्रत्येक रेषेच्या उजव्या टोकाशी तिचं नाव लिहा.

'ट्विनएक्स' (त्याच आलेखाला उजवीकडे दुसरा उभा अक्ष) वापरत असाल तर उजव्या अक्षाचा फेरा स्वतंत्र असतो, तिथली पहिली रेषाही पहिल्याच रंगाची येते. तिचा रंग हाताने द्या.

आलेख फक्त स्क्रीनवर राहणार असेल तर दहापर्यंत डीफॉल्ट चालेल, पण लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्याला तिसरी आणि चौथी रेषा त्रास देणारच. आणि तुमच्या बारा रेषा म्हणजे तापमानासारखी चढत जाणारी एकच राशी असेल, तर वरचं सगळं सोडा आणि 'विरिडिस' या जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत उजळत जाणाऱ्या रंगपट्टीतून ० ते ०.८५ या पट्ट्यातले बारा रंग घ्या. त्यापुढचा पिवळा पांढऱ्या कागदावर दिसत नाही.