नातीसारखी, पण नात नव्हे

‘आई एकटी राहते. शिकणारी एखादी मुलगी सोबतीला ठेवावी म्हणतो, पण परक्या माणसाशी जमेल का? आणि नाही जमलं तर आईला आणखीच लागेल ना?’ हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. तेव्हा मला हटकून दोघी आठवतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई 74 वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. मुलगी 21 वर्षांची, शिकायला घराबाहेर पडलेली. भाडं नावापुरतं आणि बदल्यात सोबत, एवढंच तोंडी ठरलेलं. पाचव्या महिन्यात बाईंच्या मुलाचा मला फोन आला. ‘आई म्हणते तिला जायला सांग, आणि सांगताना रडते.’

दोघींशी आधी वेगवेगळं बोलले. बाई म्हणाल्या, ‘मी तिला नातीसारखं वागवते आणि तिला माझ्यापाशी दोन मिनिटं बसायला होत नाही.’ मुलगी म्हणाली, ‘आजी फार चांगल्या आहेत, म्हणून तर नाही म्हणता येत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा मी त्यांच्या मोबाइलमधले फोटो शोधून देत होते.’

मग दोघींना समोरासमोर बसवलं आणि रात्रीचा विषय निघाला. मुलगी अभ्यासिकेतून अकराच्या सुमारास यायची. आजींची झोपमोड नको म्हणून चपला जिन्यातच काढून हातात घ्यायची, किल्ली हळू फिरवायची आणि दिवा न लावता चाचपडत खोलीत जायची. इकडे बाई टक्क जाग्या असायच्या. तिला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून झोपेचं सोंग घ्यायच्या, आणि सकाळी मनात सल, की चोरपावलांनी येते, साधी हाकसुद्धा मारत नाही. मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. ‘आजी, तुम्ही जाग्या असता?’

दोघी एकमेकींना जपत होत्या आणि त्यातच घुसमटत होत्या. माझ्या मते घोटाळा ‘नातीसारखी’ या शब्दात होता. सख्ख्या नातीवर रागावता येतं, तिलाही तोंडावर ‘आत्ता नाही’ म्हणता येतं. इथे नात्यातली अपेक्षा तेवढी आली होती, मोकळीक आलीच नव्हती.

मी त्यांना इतर ठिकाणी हे कसं ठरवतात ते सांगितलं. जर्मनीत ‘मदतीच्या बदल्यात घर’ या धर्तीच्या योजना आहेत. तिथला साधा हिशोब असा, की खोली जितके चौरस मीटर, तितके तास मदत दर महिन्याला. आजारपणातली शुश्रूषा त्यात धरतच नाहीत. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर इथल्या एका वृद्धनिवासात विद्यार्थी बिनभाड्याने राहतात आणि महिन्याला 30 तास चांगले शेजारी म्हणून देतात. स्वीडनमध्ये हेलसिंगबोर्गला 2019 साली ‘सेल्बू’ ही 51 घरांची इमारत सुरू झाली. निम्म्याहून जास्त घरं सत्तरी ओलांडलेल्यांना आणि बाकीची तरुणांना. आठवड्यातून किमान दोन तास शेजाऱ्यांमध्ये मिसळायचं, हे तिथे करारातच लिहिलेलं.

बाईंना ते पटलं नाही. ‘मायेला तास लावायचे?’

‘मायेला नाही, मदतीला,’ मी म्हणाले. ‘ठरलेले तास संपल्यावरही ती तुमच्यापाशी बसली, तर ती आपणहून बसली आहे हे तुम्हाला कळेल. आज ते तुम्हाला कळत नाही आणि तिलाही नाही.’

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग पर्समधून पेन काढलं.

खोली दहा चौरस मीटरची, म्हणून महिन्याला दहा तास. बँक, मोबाइल, कागदपत्रं रविवारी सकाळी. परीक्षेच्या काळात सुट्टी, ते तास नंतर भरून काढायचे. बरं नसलं तर ती मुलाला कळवेल, रात्र जागवणार नाही. जायचं किंवा जायला सांगायचं तर महिनाभर आधी. मुलालाही मी सोडलं नाही. मुलगी राहायला आल्यापासून त्याचे फोन कमी झाले होते. आई आता एकटी नाही, या भरवशावर तो निर्धास्त होता. सोबतीला माणूस ठेवला म्हणजे आपली पाळी संपली असं समजणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत, आणि त्याचा भार त्या तरुण जीवावर पडतो. कागदावर त्याचेही वार लिहिले.

हे सगळं आधीच, पंधरा दिवस राहून बघून झालं असतं तर दोघींचे पाच महिने वाचले असते. कुरबुर झाली तर दोघींनाही मोकळेपणी सांगता येईल असं तिसरं माणूसही आधीच ठरलेलं असावं. तो घरचा मुलगा नसलेला बरा.

पुढे दीड वर्ष ती तिथे राहिली. शिक्षण संपल्यावर गेली तेव्हा बाईंना लागलं, चांगलंच लागलं. आठवडाभर त्या फोनवर माझ्याशी तिच्याबद्दलच बोलत होत्या. मग एके दिवशी तोच कागद घेऊन आल्या. मागच्या कोऱ्या बाजूला दुसऱ्या मुलीसाठी अटी उतरवल्या होत्या. बहुतेक जुन्याच. सगळ्यात वर एक नवी होती, ‘रात्री आल्यावर दिवा लावायचा आणि हाक मारायची.’