अपडाऊन करू की कर्ज काढून पुण्याला जाऊ?

प्रश्न

ताई, नमस्कार.

मी पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यातली. यंदा बारावी झाले, सीईटी दिली. मागच्या वर्षीचे कटऑफ बघितले तर नांदेडचं एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेज थोडक्यात हुकेल. पण नांदेडच्याच एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर लागेल आणि पुण्याच्या एका खाजगी कॉलेजातही कॉम्प्युटरच लागेल. आता कॅपच्या, म्हणजे सामायिक प्रवेशाच्या फॉर्ममध्ये वर कुणाला टाकायचं, यावरून घरात रोज बोलाचाली होते.

आम्ही ओबीसी. उत्पन्नाचा दाखला एक लाख वीस हजारांचा आहे, त्यामुळं ट्युशन फी दोन्हीकडं माफ होईल असं सर म्हणाले. म्हणजे प्रश्न राहण्या-खाण्याचाच आहे. पुण्यात होस्टेल, मेस, जाणं-येणं धरून सालाचा सव्वा लाख लागेल. नांदेडला घरून जाता येतं. अप्पा मोटरसायकलवर पूर्णा स्टेशनला सोडतील, तिथून रेल्वे, मग नांदेडात शेअर ऑटो. एका बाजूला सव्वादोन तास जातात.

शेत तीन एकर. 2025 च्या सप्टेंबरातल्या पावसात सोयाबीन जागेवरच सडलं. भाऊ दहावीला आहे. आई म्हणते, कर्जाचं नाव काढू नका, पोरगी घरून जाईल. अप्पा म्हणतात, शेत गहाण पडलं तरी चालेल पण ही पुण्यालाच जाईल. माझा चुलतभाऊ हिंजवडीला आहे, त्याचं बघून त्यांच्या डोक्यात बसलंय. गावातले म्हणतात, बँक शेत लिहून घेतल्याशिवाय कर्ज देत नाही.

मला स्वतःला काय पाहिजे ते मला नीट सांगता येत नाही. पुणं मी बघितलेलंच नाही. पण चार वर्षं पहाटे उठून गाडी धरायची म्हटलं की पोटात गोळा येतो. तुम्ही बँकेत होता म्हणून विचारते.

— एक वाचक, ता. पूर्णा, जि. परभणी

उत्तर

पोरी, तुझ्या पत्रात पूर्णा स्टेशन आलं आणि मी चष्मा काढून ठेवला. माझं माहेर पूर्ण्याच्या रेल्वे कॉलनीतलं. बाबा लोको शेडला फायरमन होते. 1977 ते 80 अशी तीन वर्षं मी पूर्णा-नांदेड अपडाऊन केलं, मीटरगेजच्या पॅसेंजरनं, कोळशाच्या इंजिनामागं. रेल्वेचा पास असल्यामुळं घरचा एक पैसाही गेला नाही. तुझी आई सांगते तेच माझ्या आईनं केलं आणि मी बिनकर्जाची बी.एस्सी. झाले.

पण एक सांगते, ते मी घरी कधी सांगितलं नाही. आमची प्रॅक्टिकल्स दुपारी असायची आणि परतीची गाडी साडेचारला. ती चुकली की थेट रात्रीची. म्हणून चारला मी एप्रन घडी करून निघायचे. तीन वर्षांत एकही प्रॅक्टिकल शेवटपर्यंत केलं नाही. टायट्रेशनचा रंग बदलताना मी फार थोड्या वेळा पाहिलाय, बाकी सगळं होस्टेलच्या मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवलेलं. शेवटच्या वर्षी एका सरांनी मला नाव विचारलं. तिसऱ्या वर्षाला! म्हणून अपडाऊन फुकट असतं असं कुणी म्हटलं की मी मान हलवत नाही. तुझे जाऊन-येऊन साडेचार तास. कॉलेजचे दिवस वर्षाला दोनशे धरले तर 900 तास. रोज आठ तास अभ्यासाचे धरले तर हे 112 दिवस होतात, दर वर्षी. त्यात आईचं पहाटेचं उठणं आणि अप्पांच्या दोन खेपा मी धरलेल्याच नाहीत.

आता कर्जाकडं येऊ. आधी गावातली अफवा काढून टाक. शैक्षणिक कर्जाला साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. शेत लिहून द्यायचं नाही, सातबाऱ्यावर बोजा चढवायचा नाही. अप्पांना हे आजच सांग, कारण शेत गहाण टाकायची भाषा माणूस एकदा बोलायला लागला की सवयीनं पुढंही बोलतो. मात्र अप्पा सहकर्जदार असतात, आणि खरी गोम इथं आहे. तुझा हप्ता थकला तर डाग तुझ्या एकटीच्या नावावर पडत नाही, त्यांच्याही पडतो. मी कर्जाच्या टेबलावर असताना एक शेतकरी पीककर्ज नवंजुनं करायला आले होते. पोराचं शैक्षणिक कर्ज थकीत गेलेलं. पोरानं लांबच्या शहरात मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेलं कॉलेज तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं होतं आणि घरी कळवलं नव्हतं. ही बातमी त्या माणसाला बँकेच्या काउंटरवर, माझ्या तोंडून कळली. मी त्यांना चहा मागवला, त्यांनी घेतला नाही.

तुझा हिशेब करू. दर साली सव्वा लाख म्हणजे चार वर्षांचे पाच लाख. व्याज दहा टक्के धर. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चढत राहतं आणि मग ते मुद्दलात मिळवतात. पहिल्या सव्वा लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, शेवटच्यावर दोन. बेरीज एक लाख पंच्याहत्तर हजार. म्हणजे फेडायला बसशील तेव्हा पावणेसात लाख, आणि दहा वर्षांचा हप्ता 8,900 च्या आसपास. पुण्यात नवी नोकरी पंचवीस हजारांची लागली, खोलीचे आठ गेले, हप्त्याचे नऊ गेले, राहिले आठ. त्यात जेवायचं, आणि तोवर भाऊ बारावी होऊन कॉलेजात गेलेला.

खोटं बोलणार नाही, यातलं व्याज वाचू शकतं. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेजला नॅक किंवा त्या कोर्सला एनबीएचं मानांकन असेल, तर हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज केंद्र सरकार भरतं. बँकेत फॉर्म भरताना आपण तोंडानं मागायचं असतं. मी कितीतरी पालक पाहिलेत, ज्यांना हे कर्ज फिटत आल्यावर कळलं. ते मिळालं तर हप्ता 6,600 वर येतो.

आणि ओबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही आणि तू बाहेर खोली घेऊन राहिलीस तर वर्षाला रक्कम थेट तुझ्या खात्यात येते. पुण्यासाठी 60,000, नांदेडसाठी त्याहून कमी. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, ते तुझं आहे. गंमत बघ, घरून अपडाऊन करणाऱ्या पोरीला यातलं काही नाही. आईला ज्याची बचत वाटते, त्याच बचतीनं तू योजनेतून बाहेर पडतेस.

मग पुणंच का नको, साठ हजार तिथंही मिळतात की, असं अप्पा म्हणतील. हा प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर एवढंच, की निवड गुणवत्तेवर होते, जिल्ह्यागणिक जागा ठरलेल्या आहेत, आणि सरकारी पैसा आपल्या मेसवाल्याच्या तारखेला येत नसतो. नांदेडात तो उशिरा आला किंवा आलाच नाही, तर तू बॅग उचलून घरी येशील आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण्याची गाडी धरशील. पुण्यात काय करशील? बँक फी आणि होस्टेल थेट संस्थेला देते. बाहेरच्या मेसचे, खोलीचे पैसे पावत्या दाखवून मिळवावे लागतात आणि मेसवाल्या काकू काही जीएसटीचं बिल देत नाहीत. मधल्या दोन महिन्यांसाठी अप्पा आडतीवर उचल घेतील. बँकेच्या पाच लाखांपेक्षा मला त्या पन्नास हजारांच्या उचलीची जास्त भीती वाटते. तिच्यावर सोयाबीन बांधलं जातं, भाव आडत्या ठरवतो.

म्हणून फॉर्ममध्ये नांदेड वर टाक. ते पुणं सीओईपीसारख्या सरकारी कॉलेजचं असतं तर मी अप्पांच्या बाजूनं उभी राहिले असते, पाच काय सात लाख काढा म्हटलं असतं. पण एक खाजगी कॉलेज सोडून दुसऱ्या खाजगी कॉलेजात, केवळ गावाचं नाव पुणं आहे म्हणून, एवढं ओझं घ्यावं असं मला वाटत नाही. अप्पांना पटत नसेल तर त्या कॉलेजला फोन लावून एकच विचारा: मागच्या वर्षी कॉम्प्युटरच्या किती पोरांना नोकरी लागली आणि मधल्या पोराचा पगार किती. सगळ्यात मोठं पॅकेज किती ते विचारू नका, त्याचा तर ते फ्लेक्सच लावतात. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेजांच्या क्रमवारीत, भाग घेतलेल्या कॉलेजांचा मधला पगार तिथं छापलेलाही असतो. तो पंचवीस हजारांच्या बराच वर निघाला तर मला परत लिही, मी उत्तर बदलेन.

पण आईला सांग, ताई पूर्ण तिच्या बाजूनं नाहीत. चार वर्षं अपडाऊन करायचं नाही. पहिलं वर्ष कर. विषय बारावीच्या जवळचे असतात, आणि मुलींना पदवीपर्यंत घर ते कॉलेज रेल्वेचा सेकंड क्लासचा पास मोफत आहे. कॉलेजचं सर्टिफिकेट घेऊन पूर्ण्याच्या खिडकीवर दे. वरखर्च ऑटोचाच, रोजचे साठ रुपये धरले तर सालाचे बारा हजार. दुसऱ्या वर्षापासून मात्र नांदेडात राहा, होस्टेल मिळो की खोली. तिथून लॅब वाढतात, प्रोजेक्ट येतात, संध्याकाळी चार पोरी मिळून कोड लिहीत बसतात, आणि त्या बैठकीत जी नसते तिला नंतर कुणी सांगत नाही. खोली-मेसचे साधारण पासष्ट हजार धर, तीन वर्षांचे एक लाख पंच्याण्णव हजार. योजनेचे आले तर बरेचसे तिथंच निघतील. नाहीच आले तर एवढंच कर्ज काढ. व्याज धरून दहा वर्षांचा हप्ता साडेतीन हजारांच्या आत बसतो. तेवढा तू शिकवण्या घेऊनसुद्धा भरशील.

पोटात गोळा येतो म्हणालीस, तो माझ्याही यायचा. मीरखेलकडून येणारी गाडी लांबून शिट्टी द्यायची आणि मी अजून वेणीच घालत असायचे. महिनाभरानं डब्यातल्या बायका जागा धरून ठेवायला लागल्या. दूधवाल्या, एक शिक्षिका, एक नर्स. माझं ऑरगॅनिक केमिस्ट्री त्यांच्यातच पाठ झालं.

आता कागद. ट्युशन आणि परीक्षा फी माफ होते, पण डेव्हलपमेंट फी नाही. ती दोन्ही कॉलेजांची किती आहे ते लेखी विचार, अप्पांच्या हिशेबात ती दिसत नाही. नॉन-क्रिमिलेअर काढलंय का, ते तू लिहिलं नाहीस. नसेल तर उद्याच सेतूत जा, प्रवेशाच्या दिवसांत तिथं दुपारनंतर सर्व्हर झोपतो. बँकेत खातं तुझ्या एकटीच्या नावाचं उघड आणि आधारला जोडून घे. आणि पहिल्या वर्षी प्रॅक्टिकल सुटल्याशिवाय निघू नकोस. गाडी गेली तर जाऊ दे, एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे.