डिझेल सोडून विजेवर येताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सात मजली इमारतीचे काम चालू आहे. ६२.५ केव्हीएचा जनरेटर बंद करून महावितरणची तात्पुरती जोडणी घेतली. मीटरपासून होइस्टपर्यंत (माणसे-माल वर नेणारी लिफ्ट) २५ चौरस मिमीची ॲल्युमिनियम केबल आहे, लांबी १५० मीटर. दिवसा ठीक चालते, पण संध्याकाळी होइस्ट उचलताना कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) सुटतो. ब्रेकची लायनिंग दोनदा जळाली. मिस्त्री म्हणतात, जनरेटरच बरा होता.
– बांधकाम व्यावसायिक, कराड

उत्तर: जनरेटर होइस्टच्या जवळ उभा होता, म्हणून तो बरा वाटला. आता तीच वीज दीडशे मीटरवरून येते आहे. तुमच्या होइस्टला ११ किलोवॉटच्या दोन मोटरी असतील, तर चालताना त्या मिळून ४० अँपिअरच्या आसपास घेतात. थेट स्टार्टरने सुरू करताना मात्र हाच आकडा सहापट, म्हणजे २५० अँपिअरपर्यंत उसळतो. त्या क्षणी नुसत्या केबलमध्ये ३५ ते ४० व्होल्ट जातात. संध्याकाळी मीटरवर मुळात ३८० व्होल्ट असतील, तर मोटरीपाशी ३४० उरतात. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, त्यामुळे ४१५ व्होल्टला मिळणाऱ्या जोराचा दोन तृतीयांशच हाती येतो. शिवाय ब्रेकची कॉइल पूर्ण खेचली जात नाही. ब्रेक अर्धवट सुटतो आणि मोटर त्याला घासत वर जाते. लायनिंग जळते ती यामुळे. नवी लायनिंग बसवत राहणे हा उपाय नव्हे, आणि माणसे वाहणाऱ्या होइस्टच्या ब्रेकशी असे चालू ठेवणे धोक्याचे आहे. दुरुस्ती होईपर्यंत त्यातून माणसे नेऊ नका.

केबल ७० चौरस मिमीची घेतलीत, तर सुरू होतानाची घट साधारण निम्मी होईल. त्याहून चांगला मार्ग व्हीएफडीचा (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारे यंत्र): करंट उसळतच नाही आणि होइस्ट झटका न देता उचलतो. मात्र व्हीएफडीला ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणारा स्विच) टाकू नका. त्याच्या फिल्टरमधून थोडा करंट सतत अर्थिंगकडे जातो, आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि मग कोणीतरी वैतागून तो बायपास करतो. व्हीएफडीला स्वतंत्र फीडर (वेगळी लाइन) आणि ३०० मिलिअँपिअरचे टाइप बी (डीसी गळतीही ओळखणारे) संरक्षण द्या. ग्राइंडर, ड्रिल, व्हायब्रेटर यांच्या सॉकेटवर मात्र ३० मिलिअँपिअरचाच हवा. ओल्या स्लॅबवर हातात मशीन धरणाऱ्या माणसाचा जीव त्यावर आहे.

खर्चाचे म्हणाल, तर लिटरभर डिझेलमागे जनरेटर तीन, फार तर साडेतीन युनिट देतो. डिझेल ९० रुपये धरले तरी नुसत्या इंधनाचे युनिटमागे २६ ते ३० रुपये होतात. तात्पुरत्या जोडणीचा दर चढा असला तरी याच्या पुष्कळ खाली राहतो.

साइटवर सोलरचा मोह मोठ्या यंत्रांसाठी नको, जागाच नसते. वीस फुटी कंटेनर-ऑफिसच्या छतावर ५५० वॉटची पाच पॅनेल बसतात. दिवसाला दहा-अकरा युनिट मिळतात, पावसाळ्यात निम्मी. ऑफिस आणि दिवे यांना बॅटरीसह ती पुरतात.

प्रश्न: वर्कशॉपवर ४० केव्हीएचा सोलर इन्व्हर्टर बसवला. युनिट खूप कमी झाली, पण पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) ०.९५ वरून ०.७ च्या खाली आला. पॅनेल खराब आहेत का?
– वाचक, नाशिक

उत्तर: पॅनेल चांगली आहेत, हिशेब बदलला आहे. तुमचा लोड ५० किलोवॉट आणि ०.९५ पॉवर फॅक्टर (पीएफ) धरला, तर मोटरींना सुमारे १६.४ केव्हीएआर (मोटरींना लागणारी, पण प्रत्यक्ष काम न करणारी रिॲक्टिव्ह वीज) लागतात. सोलर ३५ किलोवॉट देतो, पण केव्हीएआर देत नाही. ग्रिडकडून (महावितरणकडून) १५ किलोवॉटच येतात, केव्हीएआर मात्र तेवढेच. मीटरला दिसतो ०.६७. बिल केव्हीएएचवर (कामाची वीज आणि केव्हीएआर दोन्ही धरून मोजणारे एकक) येत असेल, तर त्याची झळ थेट बसते.

आधी एपीएफसी पॅनेलची (कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सुधारणारी पेटी) सीटी, म्हणजे करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, कुठे आहे ते पाहा. सोलर जोडलेल्या जागेच्या पुढे, लोडच्या बाजूला असेल, तर त्या पेटीचा नियंत्रक रिले अजून ०.९५ च पाहतो आणि गप्प बसतो. सीटी मीटर आणि सोलरची जोडणी यांच्या मधे हलवा. रिले फोर-क्वाड्रंट (दोन्ही दिशांनी जाणारी वीज ओळखणारा) घ्या, कारण जादा वीज ग्रिडकडे उलटी जाऊ लागली की साधा रिले गोंधळतो. आणखी १३-१४ केव्हीएआरचे कपॅसिटर लागतील. ते दोन-तीन केव्हीएआरच्या छोट्या टप्प्यांत ठेवा. कायम जोडलेला मोठा कपॅसिटर रविवारी, यंत्रे बंद असताना, पीएफ लीडिंगकडे (उलट बाजूला) नेतो आणि महावितरणच्या केव्हीएएचमध्ये तेही मोजले जाते. कपॅसिटर घेण्याआधी इन्व्हर्टरचे सेटिंग तपासून घ्या: ४० केव्हीएचे यंत्र ३५ किलोवॉट देतानाही १९ केव्हीएआर देऊ शकते. ती सोय असेल, तर नवे काहीच विकत घ्यावे लागणार नाही.

प्रश्न: दुपारी ऊन असूनही वीज गेली की सोलर का बंद पडतो?
– लघुउद्योजिका, सांगली

उत्तर: लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये, म्हणून ग्रिड गेले की इन्व्हर्टर बंद झालाच पाहिजे. जनरेटरसोबत चालवायचा असेल, तर मधे पीव्ही-डीजी कंट्रोलर (सोलर आणि डिझेल जनरेटर यांचा मेळ घालणारा) हवा. तो जनरेटरवर किमान ३० टक्के लोड राखतो. लोड त्याखाली फार वेळ राहिला, तर डिझेल पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरमध्ये काळे तेलकट थर साठतात. कंट्रोलरशिवाय दोन्ही एकत्र जोडू नका.