कांद्याला एक न्याय आणि कापसाला दुसरा?

प्रश्न : कांद्याच्या निर्यातबंदीला तुम्ही याच सदरात कडाडून विरोध केला होता. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारने कापसावरील 11 टक्के आयात शुल्क माफ केले आणि ती सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, तेव्हा मात्र तुम्ही खुल्या व्यापाराचीच बाजू लावून धरलीत. परदेशी गाठी आल्या की आमचा भाव पडतो. मग तुमचा खुला व्यापार शेतकऱ्याचा की गिरणीवाल्यांचा?
— एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ

उत्तर : आपला माल कोणाला विकावा आणि आपल्याला लागणारा माल कोणाकडून घ्यावा, हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे, ही माझी भूमिका दोन्ही पिकांना सारखीच लागू होते.

कांद्याचे उदाहरण पुन्हा आठवून पाहा. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क आले, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरची किमान निर्यात किंमत ठरली आणि 8 डिसेंबरपासून निर्यात पूर्ण बंद झाली. त्या वेळी बाजारात येत होता तो खरिपाचा लाल कांदा. उन्हाळ कांद्याप्रमाणे तो चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. त्याला कोंब फुटतात, तो सडतो, म्हणून काढला की विकावाच लागतो. ट्रॉली भरून बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला त्या सकाळी थांबण्याची सोयच नव्हती. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा देण्याचा खर्च सरकारने तिजोरीतून केला नाही, तो त्या ट्रॉलीतून वसूल केला. हा एका माणसावर लादलेला कर होता आणि तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसला नाही.

आता कापूस. हे 11 टक्के शुल्क फेब्रुवारी 2021 च्या अर्थसंकल्पात आले. त्याआधी अनेक वर्षे कापूस शुल्काविना येत होता. शुल्कामुळे भावाला जो काही आधार मिळाला, त्याची किंमत सूतगिरणीने, इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाने आणि सोलापूरच्या टॉवेल विणणाऱ्याने मोजली. कांदा उत्पादकाच्या खिशात हात घालणे चूक असेल, तर विणकराच्या खिशात घालणेही चूकच आहे. आणि सरकारला दरवाजा लावण्याचा अधिकार एकदा दिला की तो कोणाच्या तोंडावर लावला जाईल, हे आपल्या हाती राहत नाही : मार्च 2012 मध्ये याच सरकारी अधिकाराने कापसाची निर्यात रातोरात बंद केली होती, हे विदर्भाने विसरू नये. शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावाला, म्हणजे जागतिक व्यापार खुला करण्याच्या कराराच्या मसुद्याला, पाठिंबा दिला, तेव्हा डाव्या-उजव्या सगळ्यांनी त्यांच्यावर टीका केली. शेतकऱ्याचे खरे नुकसान परदेशी स्पर्धेपेक्षा दिल्लीतल्या हस्तक्षेपामुळे होते, हे त्यांचे म्हणणे मला आजही पटते.

तरीही तुमच्या तक्रारीचा एक भाग मला पूर्णपणे मान्य आहे. जूनमध्ये बियाणे, खत आणि मजुरी जमिनीत गेल्यावर, पीक उभे असताना ऑगस्टमध्ये नियम बदलणे हा विश्वासघात आहे. आधी सहा आठवडे, मग आणखी तीन महिने अशी हप्त्याहप्त्याने दिलेली माफी म्हणजे खुला व्यापार नव्हे. आज गिरण्यांसाठी उघडलेला दरवाजा उद्या दुसऱ्या कोणासाठी बंद होईल. शुल्क काढायचे असेल तर पेरणीपूर्वी आणि कायमचे काढावे. दुसरे असे की ब्राझील किंवा अमेरिकेतला शेतकरी तणनाशक सहन करणारे वाण उघडपणे पेरतो, आणि तुम्ही मात्र निंदणीसाठी बाया मिळतात का हे पाहत गावभर फिरता. इथे मान्यता नसलेले तेच बियाणे पेरण्यासाठी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांना जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे कायदेभंग करावा लागला. हात बांधून आखाड्यात उतरवण्याला मी स्पर्धा म्हणत नाही. माझा आग्रह हात सोडवण्याचा आहे; आखाड्याला कुंपण घातल्याने ते सुटणार नाहीत.

प्रश्न : ऑगस्ट 2025 मध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावले होते. आपणही जशास तसे उत्तर द्यायला नको होते का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : माझ्या मते नाही. अमेरिकेच्या बंदरावर असे शुल्क भरतो तो अमेरिकी आयातदार, आणि त्याचा मोठा वाटा शेवटी तिथल्या ग्राहकावर पडतो. आपल्या कोळंबी आणि कापड निर्यातदारांच्या मागण्या घटतात, हे नुकसान खरे आहे. पण आपण शुल्क वाढवल्याने त्यांची एकही मागणी परत येत नाही. जून 2019 मध्ये भारताने बदाम, अक्रोड, सफरचंद अशा 28 अमेरिकी वस्तूंवर जादा शुल्क लावले होते, तेव्हा त्याची झळ दिवाळीसाठी सुका मेवा घेणाऱ्या आपल्याच घरांना लागली. सरकारला निर्यातदारांसाठी काही करायचेच असेल, तर त्यांना लागणाऱ्या कच्च्या मालावरची आणि यंत्रांवरची आपली स्वतःची शुल्के आधी उतरवावीत. त्यासाठी वॉशिंग्टनशी बोलणी करावी लागत नाहीत.