आपल्याच लोकांबद्दल कॉलेजात काय शिकायचं?

प्रश्न: ताई, मी जव्हारची, वारली. बीए झालंय, आता सोशल वर्कला जायचंय, त्यात पण आदिवासी आणि सामाजिक न्याय हा विषय घेऊन. बाबा म्हणतात समाजसेवेला डिग्री कशाला लागते, आणि मैत्रीण म्हणते तू स्वतःच आदिवासी, तुला वेगळं काय शिकवणार. डोक्याचा पार भुगा झालाय.

उत्तर: बाबांना सांग, मुंबईत ह्याचं शिक्षण 1936 पासून चालू आहे, आज आपण ज्याला टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणतो तिथे. तिथेच दलित-आदिवासी प्रश्नांवर सोशल वर्कचं एमएही सुरू झालं, फक्त ह्या वर्षीचं माहितीपत्रक आधी बघून घे, कारण कोर्सची नावं आणि रचना बदलत राहतात.

मैत्रिणीचं मात्र मला पटलं नाही. मी शहरातली, फील्डवर्कला डहाणूकडच्या एका पाड्यावर गेले तेव्हा वीस पानी प्रश्नावली घेऊन बसले होते, जंगलावरच्या गावाच्या सामूहिक हक्काच्या दाव्यासाठी कागद पाहिजेत, जुनी पावती आहे का, नोंद आहे का, आणि एक आजी शांतपणे ऐकून म्हणाली की बाई, कागद नाही पण वाघोबा तिथंच आहे बघ, माझ्या सासऱ्याच्या आधीपासून. मी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही! नंतर आमच्या मॅडमनी वनहक्क कायद्याचे नियम वाचायला लावले, तर त्यात चक्क देवाची जागा, स्मशान, गुरं चरायची जागा हे सगळं पुरावा म्हणून धरलंय, आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही चालतं, फक्त ते स्वतः दावेदार नकोत. कायदा 2006 चा, आणि मी एवढी शिकलेली, आजी मला पुरावा दाखवत होती आणि मी पावती शोधत होते.

तुला वाघोबा, आपला वाघदेव, माहितीये. तो दाव्याच्या कागदात कसा बसवायचा, ग्रामसभेत कोरम म्हणून निम्मी माणसं कशी जमवायची आणि त्यात एक तृतीयांश बायका कशा आणायच्या, अधिकाऱ्याने फाईल परत पाठवली तर कुणाकडे अपील करायचं, हे शिकायला जा. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला त्यामागे असलंच किचकट काम होतं, वर्षानुवर्षं.

एक सांगते, वर्गात कधीकधी 'आदिवासी समस्या' असं बोललं जाईल आणि सगळे तुझ्याकडे बघतील. राग येईल, बोल तेव्हा. पण सगळ्या जमातींची प्रवक्ता व्हायची गरज नाही, माडिया किंवा कातकरींबद्दल विचारलं तर सरळ सांग, मला माहीत नाही.

कॉलेज निवडताना बिल्डिंग बघू नको. सीनियर्सना फोन करून विचार की फील्डवर्कला कुठे पाठवतात आणि सर बरोबर येतात की नुसती डायरीवर सही करतात.

आणि कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, काढलंयस ना? नसेल तर ह्याच आठवड्यात कामाला लाग, शिष्यवृत्तीच्या वेळेला तिथेच पोरं अडकतात.