टॉम अँड जेरीच्या डिस्कचा रिव्ह्यू लिहितोयस ना?

अरे टॉम जेरीच्या मागे धावतो हे सगळ्यांना पाठ आहे रे, त्यावर दोन पॅरा नको घालवू. आधी बघ काय कापलंय. २०११ च्या गोल्डन कलेक्शन ब्ल्यू-रेत पहिली ३७ कार्टून्स ओळीने, न कापता आली, आणि दुसऱ्या भागातून दोन वगळणार म्हटल्यावर फॅन्स असले भडकले की तो भाग तेव्हा आलाच नाही. मग पळापळीच्या सीनला पॉज मार, डिजिटल सफाईत कधीकधी मिशांच्या रेघा अर्ध्या उडतात, नुसतं बघताना कळत नाही ते. मोलकरणीचा आवाज मूळ कलाकार लिलियन रँडॉल्फचाच आहे की नंतर डब केलेला, तेही लिही. १९५४ पासून आलेली सिनेमास्कोपवाली, म्हणजे रुंद पडद्याची कार्टून्स, कडेने छाटलेली असली तर बिनधास्त मार्क काप.